एक कान

कौशिकभाईंनी सहा खोकी मांडली टेबलावर,
अलकापुरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर,
आणि म्हणाले, ताई, हा घ्या ने, सगळ्यांत महागडा,
दोन्ही कान गच्च,
बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येणार नाही.
इतक्या अभिमानानं, की नाही म्हणायला
मला जरा वेळ लागला.

घातला.
ऑफिस बुडालं.
पंखा गेला, लिफ्टचं दार गेलं,
हेतलच्या बांगड्या गेल्या, ज्यांवरून मला कळतं
ती चिडून टाइप करतेय की नुसतीच.
उरला एकटा वाचक, माझ्या संगणकातला,
तुम्हाला नुसती घोंघों वाटेल अशा वेगानं:
रकाना चार रिकामा रकाना पाच रिकामा.

एका कानाचा द्या, मी म्हटलं.
डावा यंत्राला, उजवा माणसांना.
नाहीतर कुणी शेजारी येऊन उभं राहील
आणि मी त्याच्या अंगावर खुर्ची सरकवीन.

एका कानाचे तर स्वस्त असतात, ते हळहळले.
आणि माइक बंद करायचं बटण
बोटाला लागेल असं हवं, उंचवट्याचं.
पण लाल दिवा लागतो ने, लगेच कळतं…
मग स्वतःच गप्प झाले.

रणजित मोहित्यांचं उलटं.
अकरा वर्षं नोंदी करून मनगटं गेली,
आता ते यंत्राला सांगतात, यंत्र लिहितं.
त्यांना कान कसाही चालेल, माइक नेमका हवा:
ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं,
समोर आला की श्वासाचासुद्धा शब्द होतो.

सहाही माइकांना त्यांनी एकच वाक्य सांगितलं,
श्रीमती घोरपडे यांचा दावा मंजूर करावा,
आणि मी वाचकाकडून ऐकत गेले.
पहिल्यानं लिहिलं: श्रीमती घर पडे.
दुसऱ्यानं: श्रीमंती घोर पडे.
तिसऱ्यात हेतलचा फोन शिरला,
दाव्याच्या मधोमध पावशेर गवार.
चौथ्यानं बरोबर लिहिलं, पण तासाभरात
कानशिलं ठणकायला लागली.
पाचव्याच्या गादीला मे महिना सोसेना.
सहावा हलका, दांडी वाकवावी तशी वाकणारा,
त्यानं घोरपड्यांना घोरपडे राहू दिलं.

फाइल उघडली तेव्हा कळलं,
बाईंच्या घराची मागची भिंत पडली होती, नवापुऱ्यात.
रणजित हसले नाहीत. मीही नाही.
हेतलच्या बांगड्या तेवढ्या थांबल्या.

आता ते बोलतात, माझ्या उजव्या कानात,
घोगरं, मधे खोकून, चहाचा घोट घेऊन.
थोड्या वेळानं तेच डाव्या कानात येतं,
खोकला गाळून, घोट गाळून.
कधी एखादा माणूसही गळालेला असतो.
मी मधे बसते, आणि हाक मारते: मोहिते, परत सांगा.

मागणीपत्रात 'कारण' असा एक रकाना होता.
एकाच कानाचा का, काय लिहू?
मी दोन शब्द सांगितले.
कौशिकभाईंचं पेन
बराच वेळ खरखरत होतं.