नऊ इंच

उखर्डू मिस्त्रीनं टेप ओढला, वर पाहिलं:
"माळ्यावर काय काय शे, ताई?"
काय नाही! सोऱ्या, कूलरचा पत्रा, दोन गाद्या
आणि ह्यांच्या बुडालेल्या पतपेढीच्या चोपड्या, पोतंभर.

पाडा, म्हटलं. सगळं कमरेच्या उंचीला आणा,
गुडघे शिडीला नाही म्हणतात आता.
सनमायका असा, की हळदीचा हात लागला
तरी एका फडक्यात निघावा.

खिडकीपुढचं कपाट हलवताना मात्र हे आडवे आले.
"जळगावचं ऊन घरात घेऊन काय भाजायचंय, वांगी?"
हलवलंच.
सव्वीस वर्षांची धूळ, पारव्याचं तारांचं घरटं,
आणि फरशीवर हलती, हिरवट सावली.
"हा कडुनिंब एवढा कधी झाला?"
हे गजांना धरून उभे.

रद्दीवाल्यानं चोपड्या तोलल्या: एकतीस किलो.
ह्यांनी त्यातली एक परत काढली,
लाल कापडाची, ठेवीदारांच्या नावांची.
मी काही विचारलं नाही.

उखर्डूनं ती हातात घेतली, टेप आडवा धरला.
"नऊ इंच," म्हणाला,
आणि प्लायवर खूण केली
सव्वानऊला.