हॅशचं कुंपण

टोर्सहाव्नमध्ये नोव्हेंबर सरताना साडेतीनलाच दिवा लागतो.
मी लावत नाही. टर्मिनलचा उजेड पुरतो.
अठ्ठावीस गावं, अठ्ठावीस स्विच,
आणि प्रत्येकाला आज एकच गोष्ट सांगायची:
घड्याळ नीट कर.

अब्सलोन हे काम फिरून करायचा.
निळी केबल गळ्यात मफलरसारखी,
नावांच्या खोपटामागे, भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीपाशी
उकिडवा बसून, मांडीवर लॅपटॉप,
एका बोटानं एकेक अक्षर.
गावाला एक दिवस. बोट चुकली तर दोन.
स्विचना त्यानं पक्ष्यांची नावं ठेवली,
आकडे कुणाच्या लक्षात राहतात, म्हणायचा.

मी सॉकेट उघडते.
तेवीस नंबरचं दार. या जुन्यांना दुसरं दार ठाऊकच नाही.
आहेस का? आहे. तू? मीही.
ओळख पटली.
बोलणं अजून व्हायचंय.

माझी पहिली स्क्रिप्ट अशी, की कुणाकडे पाहुणी गेली
आणि उंबऱ्यातच सगळं सांगून मोकळी झाली.
नाव, पासवर्ड, आज्ञा, एका दमात.
स्विच अजून घसा खाकरत होता.
'शो क्लॉक'मधला 'शो' कुठेतरी समुद्राच्या तळाशी राहिला,
पोचलं नुसतं 'क्लॉक'.
अनोळखी आज्ञा, म्हणाला तो.
बरोबरच होतं त्याचं.

मग तिला थांबायला शिकवलं.
बाइट येतील तसे ओंजळीत घे.
'पास' आत्ता येईल, 'वर्ड' मागाहून,
वाक्य कुठे संपतं ते बोलणाऱ्याला ठाऊक,
तारेला नाही.
शेवटी हॅश दिसला की समज, आता तुझी पाळी.
आणि पान भरलं की तो विचारेल: आणखी?
वाढणाऱ्यासारखा.
तेव्हा एक मोकळी जागा पाठव.
नाही पाठवलीस तर पळी हातात धरून
सकाळपर्यंत उभा राहील बिचारा.

सत्तावीस झाले. कॉफी गार होण्याआधी.
अब्सलोनचा अख्खा महिना.

अठ्ठाविसावा, फुग्लॉय बेटावरचा 'तैस्ती',
काही केल्या ऐकेना.
लॉग म्हणतो पोचलो, बोललो.
उत्तर नाही.
शेवटी आलेले बाइट स्वतः वाचायला बसले:

#################################
# आलास? ये.
# पंखा असाच आवाज करतो, घाबरू नकोस.
# जाताना दार ओढून घे, मेंढ्या शिरतात.
#################################

पहिलाच हॅश पाहून माझ्या स्क्रिप्टला वाटलं, आपली पाळी.
अब्सलोन बोलत होता
आणि ती मध्येच तोंड घालत होती, रात्रभर, तीस-तीस सेकंदांनी.

तो आता वेस्टमान्नाला असतो, वृद्धाश्रमात.
उजव्या कानानं ऐकू येत नाही.
डावीकडे बसावं लागतं,
आणि त्याचं वाक्य संपलंय की तो नुसता श्वास घेतोय
हे ओळखायला मला तीन भेटी लागल्या होत्या.

बॅनर पुसायला एक ओळ पुरली असती.
मी माझीच ओळ बदलली:
नुसता हॅश नको. आधी नाव, मग हॅश,
आणि त्यापुढे शांतता.
तैस्ती#

या खेपेला तिनं सगळं ऐकून घेतलं,
पंखा, मेंढ्या, खालचं कुंपणसुद्धा.
घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं.
किती वर्षं, कोण जाणे. गावाचं काही अडलं नव्हतं.
नीट केलं. सेव्ह. सॉकेट मिटलं.

मग आठवलं, दार.

लोक उंटावरून शेळ्या हाकतात,
मी खुर्चीवरून मेंढ्या.
हॅटरविकच्या माल्विनाला फोन लावला:
खोपटाचं दार तेवढं बघशील?
तिकडून वारा, मग तिचा आवाज:
ओढते, पण आधी सांग,
मेंढ्या आत आहेत की बाहेर?

ते विचारायची कमांड
अठ्ठाविसांपैकी एकाकडेही नाही.


बघून ये, म्हटलं.
मी थांबते.