पान एकोणीस

शालिमारला आमचं दुकान,
गाइडं, पंचांगं, आरत्यांची पुस्तकं खपतात तिथे.
विरामचिन्हांच्या पुस्तकाच्या पाचच प्रती मागवल्या होत्या,
त्याही कमिशन बरं म्हणून.
दिवाळीपर्यंत दोनशे गेल्या.

वाटलं, शाळेने लावलं असेल.
पण पोरं कुणी येईचनात.
आले गायधनी, नोटप्रेसमधून निवृत्त,
छत्तीस वर्षं कोऱ्या नोटांवरचा डाग हुडकलेला माणूस.
उभ्या उभ्या चाळलं. एकतिसाव्या पानावर
सलग दोन पूर्णविराम सापडले,
तर असे खुलले की आणखी तीन प्रती बांधून घेतल्या,
भावांना द्यायला.

सोनजे वकिलांनी नेलं.
फ्लेक्सवाला इरफान घेऊन गेला;
'हार्दिक शुभेच्छा'पुढे उद्गारचिन्हं किती, यावरून
दोन नगरसेवकांत जुंपली होती म्हणे.
(पुस्तक म्हणतं, एक.
त्याने दोघांनाही चार-चार काढून दिली.)
कॉलेज रोडच्या एक बाई मोबाइलवर
चुकलेल्या पाट्यांचे फोटो दाखवतात,
नातवंडांचे दाखवावेत तसे.

यांना हवंय तरी काय?
पाण्याची वेळ, सून, गुडघा, उड्डाणपूल,
यातलं काही कुणाला दुरुस्त करता येत नाही.
अर्धविराम निदान
जागच्या जागी बसवता येतो.
असं म्हणत मी गल्ल्यावर हसत असे.

मग सातपूरच्या निर्मला गांगुर्डे आल्या.
कंपनीची शिफ्ट सुटलेली, हातात रिकामा डबा.
वीजबिलाच्या पाठीवर एक ओळ उतरवून आणलेली,
मुलाचा मेसेज, बंगळुरूहून:

आता नको आई

"यात कुठे काय पाहिजे,
ते आहे का हो पुस्तकात?"

अनुक्रमणिका पाहिली. पान एकोणीस.
कुणाला हाक मारली, की तिथे स्वल्पविराम.
वाचून दाखवलं. त्यांनी माझंच पेन घेतलं,
'नको'च्या पायाशी काढला,
जरा मोठाच, द्राक्षाच्या देठाएवढा.
"आता बरोबर ना?"
बरोबर, म्हटलं.
मुलाला काय म्हणायचं होतं
ते एकोणिसाव्या पानावर नव्हतं,
विसाव्यावरही नव्हतं, मी नंतर पाहिलं.

पुस्तक त्यांनी घेतलं नाही.
पंचावन्न रुपये जास्त वाटले असतील,
किंवा काम झालं होतं.
पेन तेवढं चुकून
सोबत घेऊन गेल्या.