चौथं बोट

मशीनवाल्या पोरीनं पोटावर गार जेल ओतलं
आणि स्क्रीनकडं बघतच विचारलं, "दारू घेता?"
म्हटलं, खोकल्याचं औषधसुद्धा झाकण मोजून घेतो, बाई.
"मग काय घेता?"

काय घेतो.
एकतीस वर्षं शहापुरात कुंदा आटवतो.
दर कढईला चार बोटं.
एक दुधाला, एक साखर पडल्यावर,
एक रंग चढला की,
चौथं उगीच.
दिवसाला पाच कढया, दिवाळीत अकरा.
गणित कधी केलं नव्हतं.
तिनंही केलं नाही,
कागदावर लिहिलं, ग्रेड टू.

हुक्केरी मॅडमनी माझ्याच रिपोर्टाच्या पाठीवर
बरगड्या काढल्या, त्यांच्याखाली उजवीकडं
एक आडवा, भाकरीच्या तुकड्यासारखा आकार.
त्यात पेनानं ठिपके ठिपके.
"खर्चापेक्षा जास्त आलं की हे इथं साठवतंय,
चरबी करून.
दुखत नाही, म्हणून कळत नाही."
मग कन्नडात, हळूच,
जणू कढईला ऐकू जाऊ नये:
"सक्री बिड्री, कल्लाप्पा."

यकृत हा शब्द सातवीच्या पुस्तकात भेटला होता,
त्यानंतर आत्ता.
घरी आम्ही काळीज म्हणतो.
खाटीक कलेजी म्हणतो, पावशेर तोलतो.
दुकानाला दुसरं शटर लावलं
तेव्हा भावकी म्हणाली, कल्लाप्पाला चरबी चढली.
खरंच चढली होती की.
जागा तेवढी चुकली त्यांची.

भारतानं साखरेचा डबा वरच्या फळीवर टाकला,
पाव बंद, पुरी बंद, भात एक मूठ,
तीही तिच्या मुठीनं.
बैलहोंगलकडचे जोंधळे आणले.
भाकरी, गुरेळ्याची चटणी, मेथीची पेंडी,
रात्री हुलग्याचं माडगं.
माझा आजा हेच खायचा, दुसरं नव्हतं म्हणून.
मी खातो फाईल काखेत घेऊन.
बिनसाखरेचा चहा पहिला आठवडा
भांडी विसळल्यासारखा लागला.
दुसऱ्या आठवड्यात मुळ्याची भाजी गोड लागली.
ह्याचं काय करायचं, कळेना.

पहाटे किल्ला तलावाला फेऱ्या.
माझं निम्मं गिऱ्हाईक तिथंच असतं.
आम्ही एकमेकांना ओळख देत नाही.

खरी अडचण कढईपाशी.
ओम्याला चाखायला लावलं, पुतण्याच तो.
त्याला सगळंच छान लागतं.
तेव्हा मी कान लावला.
दूध आधी बडबडतं,
मग घोगरं होतं,
मग उलथन्याला धरून एकदाच उसासतं.
तिथं साखर.
इतकी वर्षं ते बोलत होतं
आणि माझं तोंड भरलेलं होतं.

निपाणीची एक बाई आली, लेकीच्या सासरी द्यायला दोन किलो.
"गोडाला बरोबर आहे नव्हं?"
म्हटलं, मी खाल्ला नाही.
तिनं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं,
आणि एकच किलो नेला.

सात महिन्यांनी तेच टेबल, तेच गार जेल.
सहा किलो उतरलोय.
पोरगी म्हणाली, "बरंच कमी आहे हं. ग्रेड वन.
एवढंच चालू ठेवा."
पायाशी पिशवी होती,
पिशवीत तिच्यासाठी अर्धा किलो,
सकाळच्या कढईचा, अजून कोमट.
ती दुपारी टेबलाखाली बिस्किटाचा पुडा ठेवते,
मागच्या खेपेलाच बघितलं होतं.

पोट पुसलं, शर्टाची बटणं लावली.
पिशवी उचलली.
"पोरी," म्हटलं, "तुझं कधी बघितलंस काय, ह्या मशीनवर?"
ती हसली.
बाहेरच्या नंबराला हाक मारली.

रिक्षात डबा मांडीवर धरला होता.
अनगोळच्या फाटकाला गाडी अडली
तेव्हा झाकण उघडलं.
वास घेतला.
जमला होता.