डावीकडची शेवटची तोटी

ऑर्विल ट्वेटन गेला, त्यानंतरच्या दुसऱ्या एप्रिलात
मारिटने बापाचं गॅरेज विकायला काढलं.
टेबलं मांडली, वस्तूवस्तूला पिवळी चिठ्ठी.
फवारणीच्या गाड्याला चिठ्ठी नव्हती.
"तो भंगारात," ती म्हणाली.
मी पंधरा डॉलर पुढे केले. तिने दहा घेतले,
पाच परत देताना माझ्याकडे पाहिलं,
ऐंशीच्या घरातला माणूस
कुत्र्याचं पिल्लू घरी नेताना पाहावं तसं.

दोन चाकं, एक आडवी दांडी, दांडीला पाच तोट्या,
आणि पंचवीस गॅलनची टाकी,
कधीकाळी पांढरी, आता जुन्या दातासारखी.
नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या.
पंपाच्या पोटात कोळ्याचा संसार.

बोल्ट गंजले होते, पण पीळ सोडीनात.
तेल पाजलं, शिव्या दिल्या, रात्रभर ठेवलं,
सकाळी पुन्हा तेल.
तिसऱ्या दिवशी एक कुरकुरला
आणि मी हात थांबवला.
चाळीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केल्यात मी,
हा आवाज माझ्या ओळखीचा:
तुटण्याआधी हाच, सुटण्याआधीही हाच.
सुटला.

"नवा मिळतो की दोनशेला," खिडकीतून लॉरेटा.
मिळतो.
माझ्या डाव्या गुडघ्यात पोलादाचा सांधा आहे,
मला कुणी अजून भंगारात काढलेलं नाही.
हे मी मोठ्याने म्हणालो नाही. पाना शोधत राहिलो.

तोट्या जॅमच्या बरणीत, व्हिनेगरमध्ये बुडवल्या.
चार मोकळ्या झाल्या.
डावीकडची शेवटची काही केल्या होईना.
सुई घातली. आत घाण नव्हतीच,
लाकडाची खुंटी होती, चाकूने तासलेली,
वरून मेण, मेणावर अंगठ्याचा ठसा.
कंजूष ऑर्विल! औषध वाचवत होता.
खुंटी उपटली आणि कचऱ्यात फेकली,
जरा ऐटीतच.

मग साध्या पाण्याने चाचणी, घरासमोरच्या काँक्रीटवर.
पंप आधी खोकला, मग गुरगुरला,
आणि पाचही तोट्यांनी एकदम पंखे उघडले.
लॉरेटा बाहेर आली. काही बोलली नाही,
पण ओल्या पट्ट्यावरून चप्पल काढून चालली.

मेमध्ये मारिटचा फोन.
घर बघायला माणसं येणार होती,
आणि अंगणभर डँडेलियन पिवळे झाले होते.
मी गाडा ट्रॅक्टरमागे अडकवला
आणि ऑर्विल फिरायचा तसा निघालो,
घड्याळाच्या काट्यासारखा, कुंपण डाव्या हाताला.
कुंपणापाशी वळलो आणि बटणावरचं बोट
तिथंच राहिलं.

कुंपणाच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
हातभर रुंद क्लोव्हर. पांढरा, गच्च.
बरोबर एका तोटीइतका.
त्यात मधमाश्या.
आणि कुंपणापलीकडे पावलाकबाईंच्या
निळ्या रंगाच्या तीन पेट्या.

सगळ्या गावाला ठाऊक होतं:
ऑर्विल आणि पावलाकबाई अकरा वर्षं बोलत नव्हते.
हद्दीच्या एका खांबावरून.
कोर्टात गेले होते. दफनालाही बाई आल्या नाहीत.

ट्रॅक्टर नुसताच धडधडत होता.
मी उतरलो, लायलॅकची काडी मोडली, चाकू काढला.
ओलं लाकूड, बसेना.
दुसऱ्यांदा तासली, सैल झाली.
तिसरी बसली, तरी कडेने झिरपेल असं वाटलं,
म्हणून रुमालाची पट्टी फाडून वर घट्ट बांधली.
मान वर केली तेव्हा पलीकडे बाई उभ्या होत्या,
हातात धुराचा डबा.
किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.
त्यांनी हात हलवला नाही. मीही नाही.

उरलेलं अंगण चार तोट्यांवर उरकलं.
मारिट पायरीवर येऊन पाहत होती.
"एक बिघडलीये का?"

"नाही," म्हटलं,
"हे मॉडेलच असं आहे."