उरलेला वेळ

साडेनऊला चिरमुल्यांचा फोन : कधी होईल?
मी कोपऱ्यातला एक तुकडा काढून पाहते.
तीनशे पिक्सेल, तीन सेकंद.
गुणाकार करते, वर थोडं धरते
आणि सांगते, पहाटे चार.

म्हाळुंग्यात अजून न बांधलेल्या
अकराव्या मजल्यावरचा हॉल.
भिंती भराभर उतरतात.
भिंतीचं काय, उजेड येतो, आपटतो, संपतो.
उरलेला वेळ : दोन तास दहा.
मी चहा टाकते.

मग येतो टीपॉयवरचा काचेचा जग.
मीच ठेवलेला, हौसेनं, अर्धा भरून.
उजेड आत शिरतो, पाण्यात वाकतो,
तळ गाठून मागे फिरतो,
शेजारच्या पितळी कुंडीला भेटून येतो
आणि बाहेरची वाट विसरतो.
उरलेला वेळ : नऊ तास.
चौदा.
उद्या गुरुवार. कर्वेनगरात दहाला लाइट जाणार.

बाबा अप्पा बळवंत चौकात
दुकानांच्या पाट्या रंगवायचे.
गिऱ्हाईक विचारायचं, कधी?
ब्रश रॉकेलात बुडवत ते म्हणायचे,
अक्षरं माझ्या हातात. वाळणं नाही.

जग काढला तर चारला नक्की होईल.
कर्सर त्याच्यावर नेते.
पाण्याच्या कडेनं एक पिवळी रेघ,
दाणेदार, अजून ओली,
टीपॉयवर उतरू लागलीय.

'वाळतंय' असं टाइप करते,
खोडते,
'उद्या संध्याकाळी' लिहून पाठवते
आणि रात्री साडेअकराला
समोरच्या खाजगीवाल्यांची बेल दाबते,
हातात एक्स्टेन्शनची वायर.
त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.