वाजवून घेताना

शहराचं नाव बफेलो,
पण जुन्या इमारतींवर म्हैस एकही नाही,
सगळे सिंह.
स्टॅनहोप बिल्डिंगच्या तेराव्या मजल्यावर
छज्जाच्या खाली सलग बावीस,
आ वासलेले,
दातांच्या फटींत कबुतरांची पिसं.
अकरा वर्षं मला हे माहीत नव्हतं.
मी समोरच्या काचेच्या इमारतीत बसतो,
पाणी शिरलेल्या तळघरांचे विम्याचे दावे तपासतो,
खिडकीकडे पाठ करून.

मार्चमध्ये, बर्फ ढिला पडल्यावर,
एक बाई दोरावर लटकत माझ्या खिडकीसमोर आली.
हातात लाकडी हातोडी.
एक ठोका. थांबायची. दुसरा ठोका.
काचेतून काही ऐकू येत नव्हतं,
तिची मान कलायची, त्यावरून कळायचं.

आमच्याकडे माठ असाच घेतात.
बोटाच्या पेरानं वाजवून,
कुंभाराच्या तोंडाकडे न बघता.
खणखणीत वाजला तर घरी,
बद्द वाजला तर परत ढिगात.
आणि हे सिंहही मातीचेच निघाले,
भट्टीतून काढलेले, वर दुधी झिलई,
पाठीमागे लोखंडी आकडा,
आकड्याला शंभर हिवाळ्यांचा गंज.

तिच्या शेजारच्या दोरावर एह डो,
सीमेवरच्या छावणीत, बांबूच्या घरात वाढलेला.
त्याच्याकडे दोन खडू.
निळा म्हणजे राहू दे.
लाल म्हणजे उतरवा.
दुपारपर्यंत चौदा निळे, सात लाल.
मी त्या दिवशी एकही दावा निकाली काढला नाही.

बाविसावा सिंह कोपऱ्यावरून आत, उत्तरेच्या भिंतीवर.
इमारत उभी राहून दोनच वर्षं झाली,
आणि शेजारी हॉटेल चढलं, हातभर अंतरावर.
सिंहासमोर विटा.
ऐंशी वर्षं विटा.
मग हॉटेल पाडलं, तिथं गाड्या लावायची जागा केली,
आणि बाकीचे काजळीनं काळवंडलेले असताना
हा एकटा उजेडात आला
काल भट्टीतून काढल्यासारखा.
आयाळीची बट न् बट वेगळी,
जिभेवर मधली रेघसुद्धा.
कोण बघणार होतं ती?
घडवणाऱ्यानं विचारलं नसावं.

डेलोरेस पोकोर्स्कीनं (नाव मला नंतर कळलं)
त्याच्या कपाळावर हातोडी मारली.
मान कलली.
गालावर मारली. हनुवटीवर.
पुन्हा कपाळावर, जरा हळू,
डॉक्टर नातेवाइकाला तपासताना करतो तसं.
एह डोनं निळा खडू पुढे केला.
तिनं घेतला नाही.
दोघं जेवायला खाली उतरले.

मीही उतरलो. माझी गाडी तिथंच असते.
डेलोरेस बादली उपडी घालून बसली होती, सँडविच तसंच हातात.
"बद्द?" मी विचारलं, म्हणजे त्या अर्थाचं काहीतरी.
"अंधारात पाणी मुरत राहिलं," ती म्हणाली.
"उन्हात असता तर टिकला असता."
केबिनमधला ऑर्व्हिल टिब्स बाहेर आला.
तो नऊ वर्षं त्या सिंहाखाली पावत्या फाडतो.
"मग वर काय बसवणार?"
"साचा काढून फायबरचा. दिसायला हुबेहूब."
"आणि वाजवला तर?"
"दह्याच्या डब्यासारखा."
"वाजवणार कोण?" एह डो म्हणाला.
ती त्याच्याकडे बघत राहिली,
मग हसली, मग हसायची थांबली.

तीन वाजता ती वर गेली
आणि लाल खडू मारला.
कपाळावर नाही,
मानेच्या मागे, आयाळीत,
जिथं खालून दिसत नाही.

संध्याकाळी ऑर्व्हिलनं तिच्या ट्रकचे आठ डॉलर घेतले,
मोजून पावती दिली.
मी गाडी काढता काढता काच खाली केली, वर बघितलं.
मागच्या गाडीनं हॉर्न दिला.
पुन्हा दिला.